रेडिओसाठी गायलेली गाणी

प्रश्न : १९६०च्या दशकातील एका ब्रिटिश फोक-पॉप गटाची बीबीसी रेडिओवरील ध्वनिमुद्रणे मी जमवतो आहे. ती इतकी दुर्मीळ का, आणि कशी ओळखावीत?

उत्तर : त्या काळी रेडिओवर तबकड्या वाजवण्याच्या वेळेवर करारान्वये मर्यादा होती (ती १९८८ मध्ये उठली), म्हणून गटांना स्टुडिओत बोलावून गाणी नव्याने मुद्रित केली जात, प्रक्षेपणानंतर मात्र अनेक फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, याची हळहळ आजही वाटते. परदेशी केंद्रांना पाठवलेल्या तबकड्या आणि श्रोत्यांनी घरी केलेली मुद्रणे यांमुळेच बरेच काही वाचले. हाती आलेली प्रत बाजारातील तबकडीशी ताडून पाहा : गिटारची वेगळी सुरुवात, किंवा सूर हळूहळू विरण्याऐवजी गाणे ठामपणे थांबणे, या खुणा बोलक्या असतात. निवेदकाचे शब्द मात्र कापू नका; प्रक्षेपणाचा माग पुष्कळदा त्यांतूनच लागतो.