झोपेच्या विकारांच्या विभागात नर्स प्रॅक्टिशनरला रात्रपाळी असते का?

सहसा नाही. झोपेच्या तपासणीत पेशंटला लावलेल्या वायरी सांभाळत रात्रभर जागतो तो तंत्रज्ञ. तुमची ओपीडी दिवसा. खरा वेळ जातो तो सीपॅपमध्ये, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या मशीनमध्ये. झोपेत तासाला 30 किंवा त्याहून जास्त वेळा श्वास अडतो वा मंदावतो, म्हणजे स्लीप ॲप्निया तीव्र, हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण मास्क नाकाच्या वरच्या बाजूने हवा सोडतो, डोळे कोरडे पडतात, म्हणून मशीन कपाटात गेलंय, हे पेशंटकडून काढून घ्यायला चिकाटी लागते. (मशीनमधल्या नोंदी सगळं सांगतातच, तरी आधी त्याला बोलू द्यावं.) निद्रानाशात गोळीआधी सीबीटी-आय, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती; त्यात अंथरुणातला वेळ कमी करा म्हटलं की लोक वैतागतात. औषधं लिहून देण्याचे अधिकार मात्र ठिकाणानुसार बदलतात, ते आधी तपासा.