आईच्या स्मरणोपासनेत पाच मिनिटं काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की आई आयुष्यभर चर्चची होती, रविवारी तिच्या स्मरणोपासनेत घरच्यांतर्फे तुम्हालाच बोलायचंय आणि 'प्रेमळ, प्रार्थनाशील, कष्टाळू' यापुढे कागदावर काही उतरत नाहीये. तीन वर्षांपूर्वी माझीही हीच गत झाली होती.

ते तीन शब्द आधी खोडा. ते पाळकसाहेब बोलणारच आहेत. बायबलमधला सद्गुणी बाईवरचा अध्याय, नीतिसूत्रे 31, सुद्धा कुणीतरी वाचणारच, आमच्याकडे तर दोघांनी वाचलं. पण त्यातल्या पंधराव्या वचनापाशी मी अडखळले. ती बाई रात्र सरायच्या आत उठते आणि घरच्यांच्या जेवणाचं बघते, असं तिथे आहे. आमची आई तर हेच करायची. बाबा एसटीत ड्रायव्हर. पहाटेची गाडी असली की साडेतीनला स्टोव्ह पेटायचा, पिठलं-भाकरीचा डबा बांधला जायचा. बाबा गेले की ती परत झोपत नसे. 'उपासना संगीत' हे चर्चच्या गीतांचं पुस्तक उघडून हळू आवाजात गायची. त्यातली कितीतरी गीतं लिहिणारे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक 1919 साली वारले, पण नगरच्या आमच्या दोन खोल्यांत ते रोज पहाटे चारला हजर असायचे! आम्ही गोधडीत डोकं खुपसून त्यांच्यावर चिडायचो.

मग मी ठरवलं, तिचे हात काय करत होते तेवढंच सांगायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्याचा रस आमच्याच घरी व्हायचा. शनिवारी दुपारी काळ्या मनुका निवडायच्या, देठ काढायचे, रात्रभर पाण्यात ठेवायच्या. पहाटे त्या उकळून, कुस्करून, धुतलेल्या मलमलीतून दोनदा गाळायच्या. त्या पातेल्यात दुसरं काही शिजत नसे, ते फळीवर वरच्या बाजूला पालथं असे. राहिलेला चोथा मात्र वाया जायचा नाही. गूळ घालून, पोळीत भरून तो सोमवारी आमच्या डब्यात. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, ही कसली पुरणपोळी? हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवरून हसू आलं आणि माझा घसा मोकळा झाला.

बाबा चर्चला फारसे यायचे नाहीत. रविवारची ड्यूटी हे कारण अर्धं खरं होतं. आईने त्यावरून कधी कटकट केली नाही, पण शिवणाच्या पैशांतून त्यांच्या नावाची वर्गणी वेगळ्या पाकिटात घालायची. रिटायर झाल्यावर एका नाताळला खजिनदारांनी बाबांना बोलता बोलता सांगितलं की तुमची बाकी कधीच राहिलेली नाही. पुढच्या रविवारी बाबा दाढी करून तयार. दाराजवळच्या बाकावर बसायचे, ती जागा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

तिचा एखादा दोषही सांगा, नाहीतर माणूस ओळखू येत नाही. आमची आई अबोला धरण्यात पटाईत. महिला मंडळातल्या एका मावशींशी नाताळच्या करंज्यांच्या हिशोबावरून जे बिनसलं, ते दोन वर्षं. तरी शेजारच्याच बाकावर बसायच्या दोघी. मग हंगामाचा सण आला. त्या दिवशी लोक ज्वारी, कोंबड्या, भाजी देवाला आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मावशींनी परसातला भोपळा आणला होता. दहा रुपयांच्या पुढे बोली जाईना. मावशींनी मान खाली घातली. तेवढ्यात आई म्हणाली, "एक्कावन्न!" घरात तेवढी रोकड नव्हती, महिन्याभराने फेडले. चार दिवस भोपळ्याची भाजी, घारगे आणि परत भाजी.

बाकी तयारी किरकोळ. मोठ्या अक्षरात लिहा, चष्म्यात पाणी आलं तरी दिसलं पाहिजे. घरी एकदा मोठ्याने वाचा. रडू आलं तर थांबा, लोक थांबतात. आणि 'माझी आई संत होती' वगैरे नको, तिथे तिच्या मंडळातल्या बाया बसलेल्या असतात.

उपासना संपल्यावर त्या मावशी काठी टेकत माझ्याकडे आल्या. ऐंशीच्या पुढे वय. माझा हात धरून म्हणाल्या, "सगळं बरोबर सांगितलंस गं. पण भोपळा कडू निघाला होता. तुझ्या आईने दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं मला, तिथूनच तर बोलायला लागलो आम्ही."