स्केट शूजचा छोटा ब्रँड फॅशनच्या मोठ्या बाजारात कसा न्यावा?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात दोघा मित्रांनी मिळून स्केट शूज, म्हणजे स्केटबोर्डवर घालायचे बूट, काढलेत, स्केटिंग करणारी पोरं ते आवडीनं घेतात, पण तेवढ्या गिऱ्हाइकावर धंदा चालत नाही. मग नुसते दिसायला छान म्हणून बूट घेणाऱ्या लोकांपर्यंत कसं पोचायचं? माझं आर्वीला चपला-बुटांचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. गिऱ्हाईक बूट हातात घेऊन काय बघतं ते रोज समोर दिसतं, त्यावरून सांगतो.

फॅशनसाठी म्हणून वेगळा बूट काढू नका भाऊ. आमच्याकडे येणारे बहुतेक पोट्टे आयुष्यात कधी स्केटबोर्डवर चढलेले नाहीत. तरी त्यांना तोच चपट्या सोलचा, जाड जिभेचा, पुढे स्वेड (मऊ, लवदार कातडं) लावलेला बूट पाहिजे असतो, कारण तो खऱ्या कामाचा दिसतो. त्यातलं काम काढून नुसतं रूप ठेवलं, तर बाजारात तसे शंभर बूट आहेत, आणि त्यातला एखादा तुमच्यापेक्षा स्वस्त असतोच.

व्हॅन्स या अमेरिकेतल्या बूट कंपनीचंच बघा. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये कारखाना आणि दुकान एकाच जागी सुरू झालं. स्केटिंग करताना एका पायाचा बूट लवकर झिजतो, म्हणून ते पोरांना एकच बूटही विकायचे. 1976 साली टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या स्केटरांचं ऐकून त्यांनी घोट्याशी गादी असलेला ‘एरा’ काढला. मग 1982 साली एका हॉलिवूडपटात शॉन पेनच्या पायात व्हॅन्सचाच काळ्या-पांढऱ्या चौकटींचा स्लिप-ऑन (बिनलेसचा बूट) दिसला आणि देशभरातून मागणी आली. फॅशनच त्या बुटाकडे चालत आली. त्यानंतर मात्र कंपनी बास्केटबॉल, बेसबॉल, कुस्ती अशा सगळ्याच खेळांचे बूट काढायला लागली, वरून स्वस्त नकला आल्या, आणि 1984 साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. नाइकीएवढ्या मोठ्या कंपनीनंही 2002 साली ‘एसबी डंक’ हा स्केटचा बूट आणला तेव्हा तो फक्त स्केटच्या दुकानांतच ठेवला. 2005 साली न्यूयॉर्कमध्ये कबुतराचं चित्र असलेल्या डंकसाठी लोकांनी दुकानाबाहेर मुक्काम ठोकला होता.

तेव्हा बूट तोच ठेवा. रंग, कापड, माप आणि भाव यांवर काम करा.

सगळ्यात मोठी जागा मापात आहे. छोटे ब्रँड 6 ते 10 चा सेट काढतात आणि थांबतात. कॉलेजच्या पोरी दुकानात येतात, हाच बूट उचलतात, आणि 4 किंवा 5 नंबर नाही म्हणून ठेवून देतात. त्यांच्यासाठी गुलाबी ‘लेडीज मॉडेल’ नको, त्यांना हाच पाहिजे. खाली 3 नंबरपर्यंत या. दुसरं, फर्मा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाचा साचा, जरा पुढे रुंद घ्या. लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वाढलेला पाय बोटांकडे पसरट असतो. स्केट शू मुळात घट्ट बसवलेला असतो, मग करंगळीला लागतो, आणि ऑनलाइन घेतलेला बूट तिथूनच परत जातो.

भावाचं गणित आता नीट मांडता येतं. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी 5 टक्के आहे, त्याच्या वर 18. म्हणजे 2,700 ला विकण्यात काही अर्थ नाही. एकतर रेषेच्या खाली राहा, नाहीतर वर जाण्याइतकं बुटात काही ठेवा.

ते ‘काही’ आपल्याच भागात आहे. यवतमाळला डेनिम बनतं, भंडारा जिल्ह्यात कोसा (टसर रेशीम) विणला जातो, वर्ध्याला खादीची जुनी परंपरा आहे. डेनिम सरळ अपरला, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाला, चालेल. कोसा मात्र घासणीला टिकणार नाही. तो जिभेवर, आतल्या अस्तरात किंवा टाचेच्या पट्टीवर लावा, आणि बोर्डवर घासतो त्या जागी स्वेडच राहू द्या. कापड कुठल्या गावचं ते डब्यावर ठळक लिहा, विणकराला चांगला मोबदला द्या. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि मूळ कारागिरांचं नाव घेतलं नाही, त्यावर केवढा संताप झाला ते तुम्ही पाहिलं असेल. त्या संतापात गिऱ्हाईकही होतं हे ध्यानात ठेवा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. सोल नुसता चिकटवलेला नको. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, आणि हलकं पेस्टिंग तेव्हाच सुटतं. रबर आणि अपर एकत्र भट्टीत शिजवलेला व्हल्कनाइज्ड सोल घ्या, नाहीतर कपसोलला (वाटीसारख्या उभ्या कडांचा सोल) चारी बाजूंनी शिलाई मारून घ्या. एका गावात दोन जोड्या उघडल्या की तिसरी विकत नाही. पांढऱ्या सोलसोबत मधाच्या रंगाचाही ठेवा, पावसाळ्यात काळ्या मातीत पांढरा आठवडाभरही राहत नाही.

दुकानदाराला अख्खं कार्टन उधारीवर टिकवू नका. मधली मापं विकली जातात, कडेची पडून राहतात, वसुली अडते आणि शेवटी माल परत येतो. प्रत्येक मापाची एक जोडी ठेवा, विकली की तेवढीच एसटी पार्सलनं पाठवा. पहिली खेप दसऱ्याच्या आधी लावा; कापसाचा पैसा हातात यायला लागला की खेड्यातलं पोरगं वडिलांना घेऊन दुकानात येतं. लग्नसराईत दुसरी. आर्वीकडे येणं झालं तर 4 ते 9 ची मापं सोबत आणा, कॉलेज सुटायच्या वेळेला माझ्या दुकानात बसा आणि पोरापोरींना घालून चालायला लावा.