मादागास्करची फुसकारणारी झुरळं टेरेरियममध्ये (काचेच्या टाकीत) पाळली तर ती घरभर पसरतील का? पिल्लं किती होतात?

पसरत नाहीत. हे आधीच सांगते, कारण "रूममेट म्हणतो, सगळ्या घरात सुळसुळाट होईल" हे तुम्ही जे लिहिलंय ते मी माझ्या घरात ऐकून घेतलंय, आणि तो वाद माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत. माणसाच्या घरात घुसून राहणाऱ्या त्यातल्या जेमतेम तीसेक. बाकीच्या रानात पालापाचोळा, कुजकं लाकूड खातात. मादागास्करचं हे झुरळ त्यातलंच. पाच ते सात सेंटिमीटर लांब, पंख अजिबात नाहीत, आणि पोटाच्या बाजूच्या श्वासछिद्रांतून हवा जोरात सोडून फुसकारतं. त्याची वीण व्हायला पंचवीस ते तीस अंश ऊब लागते. जर्मनीतल्या हिवाळ्यात तुमच्या पलंगाखाली ते वंश वाढवणार नाही.

आम्ही स्टुटगार्टला राहतो. हॉलमध्ये माझ्या दोन काचेच्या टाक्या आहेत. एकीत तुम्हाला हवी आहेत ती, दुसरीत थेरिया पेटिव्हेरियाना. हे आपलं दक्षिण भारतातलं, झुडपी रानातलं झुरळ. काळंभोर, पाठीवर सात पांढरे ठिपके. इथे जर्मनीतल्या हाम शहरात वर्षातून चारदा टेरेरियमवाल्यांचा मोठा मेळा भरतो, तिथे लोक हे झुरळ कौतुकाने विकत घेतात. आपल्या मातीतला जीव, आणि आपल्याकडे त्याची दखल कुणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एका उन्हाळ्यात माझे दीर नाशिकहून आले होते, तेव्हाचा तो वाद. टाक्या पाहून पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे यांना मारायला पैसे देऊन माणूस बोलावतात, आणि तुम्ही पैसे देऊन आणता?" मी सोडून दिलं. मग एका संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडं, स्वयंपाकघरातला दिवा लागलेला, आणि ओट्यामागच्या फरशीवर एक फिकट तपकिरी झुरळ. "निघालं बघा तुमचं बाहेर!" असं म्हणून त्यांनी फोटो काढला आणि थेट घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंचा लगेच फोन. नवरा गप्प. माझ्या टाक्यांत तपकिरी, पंखवालं झुरळ एकही नव्हतं, हे ऐकून घ्यायला कुणी तयारच नव्हतं.

मी त्याच्यावर पेला पालथा घातला आणि भिंग आणलं. घरात उपद्रव देणाऱ्या जर्मन झुरळाच्या डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभे पट्टे असतात. याच्या ढालीवर पट्टे नव्हते, कडा काचेसारख्या पारदर्शक होत्या. आणि ते उजेडात निवांत बसलं होतं. घरातलं झुरळ दिवा लागला की सांदीत पळतं. हे होतं एक्टोबियस व्हिट्टिव्हेंट्रिस, म्हणजे इथलं रानझुरळ. कुंपणात, बागेत राहतं, उन्हाळ्यात दिव्याकडे येतं, आणि घरात खायला न मिळाल्याने काही दिवसांत मरतं. शेजारणीच्या कानावर गेलं होतंच, त्यामुळे घरमालकाने पेस्ट कंट्रोलवाला पाठवला. त्याने पेल्यात एक नजर टाकली, रानझुरळ आहे म्हणाला, फवारणीची गरज नाही म्हणाला आणि गेला. भाऊजींनी तो फोटो ग्रुपवरून आजतागायत काढलेला नाही.

असो. तुमची झुरळं काचेवर सहज चढतात, म्हणून टाकीच्या आतल्या काठाला चार बोटं रुंद व्हॅसलीनचा पट्टा आणि झाकणाला स्टीलची बारीक जाळी. पिल्लू जन्मतः सेंटिमीटरभरही नसतं, फट दिसली की गेलंच. मादी अंडी पोटातच वाढवते आणि साधारण दोन महिन्यांनी वीस ते चाळीस जिवंत पिल्लं देते. एवढी नको असतील तर फक्त नर ठेवा. नराच्या ढालीवर दोन ठळक उंचवटे असतात. नर टकरा घेतात, तेव्हा जागा ऐसपैस द्या. जास्तीची पिल्लं सरडे पाळणाऱ्यांना द्या, बाहेर मात्र कधीही सोडू नका. टाकीत लपायला कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठ्याचे रिकामे ट्रे, खायला ओकचा वाळका पाला, गाजर, काकडी, आणि उरलेलं खाणं रोज काढणं. टाकीला वास येत असेल तर दोष पाळणाऱ्याचा आहे, किड्याचा नाही.

रूममेटला किळस येत असेल तर त्याने तसं म्हणावं, तो त्याचा हक्क आहे. "घाण" म्हणू देऊ नका. आणि घरात कधी एखादं झुरळ दिसलंच, तर आधी त्याची ढाल बघा, दोघांनी मिळून बघा, मगच कुणी कुणाला बोलायचं. आमच्याकडे एवढं एक जरी झालं असतं तरी मला पुरलं असतं.

एक राहिलं. यांच्या विष्ठेची आणि कातेची धूळ काहींना बाधते, वर्षानुवर्षं पाळणाऱ्यांनासुद्धा ॲलर्जी होते. टाकी साफ करताना मास्क आणि हातमोजे घाला. रूममेटला दमा असेल तर सामायिक खोलीत टाकी ठेवू नका, तिथे त्याचंच बरोबर आहे.