बोलणाऱ्यांची नावं

"मॅडम, तिला शाळेच्या मंत्रिमंडळातून काढून घेऊ का?" आठवीतल्या मुलीच्या आईचा हा प्रश्न. जूनमध्ये लेक शिस्तमंत्री झाली, वर्गाने टाळ्या वाजवल्या. ऑगस्टपर्यंत डबा अर्धा परत यायला लागला, सोमवारी सकाळी हमखास पोट दुखायचं, मधल्या सुट्टीत शेजारी कुणी बसेना.

कारण फळ्यावर होतं. शिक्षक वर्गात नसले की 'बोलणाऱ्यांची नावं' लिहायची, पुन्हा बोलला तर नावापुढे फुली, तीन फुल्या झाल्या की शिक्षा. मैत्रिणीचं नाव लिहिलं तर मैत्री तुटते, नाही लिहिलं तर वर्ग 'पार्शालिटी' म्हणतो. तेरा वर्षांच्या पोरीने करायचं काय? पालकांना अशा वेळी वाटतं, आपलंच मूल नेतृत्वात कमी पडतंय. इथे पदच चुकीचं बेतलेलं होतं. मंत्रिमंडळ म्हणजे मुलांची समिती; तिला शिपाईगिरी दिली की ती मुलांची राहत नाही.

आईला सांगितलं, राजीनामा एक सत्र थांबवा. मुलीची परवानगी घेऊन वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांशी बोलणं झालं. पहिली अट एकच: नावं लिहिणं बंद. शिस्त हे मोठ्यांचं काम. बाकीचे बदल हळूहळू झाले. प्रत्येक वर्गातून दोन प्रतिनिधी, एक मुलगा आणि एक मुलगी, निवड चिठ्ठीवर गुप्तपणे नाव लिहून. हात वर करून मतदान घेतलं की दांडगा किंवा पहिला नंबरवालाच निवडून येतो. बैठक दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, एका तासिकेची. शाळा सुटल्यावर ठेवली तर रिक्षा-व्हॅनची मुलं गळतात. विषय जास्तीत जास्त तीन. शिक्षक मागच्या बाकावर, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. हे शिक्षकांना सगळ्यात जड गेलं.

इतिवृत्ताच्या वहीत चार रकाने आखले: काम, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. बैठक शेवटच्या रकान्यापासून सुरू करायची. मुख्याध्यापकांनी आठ दिवसांत प्रत्येक मागणीसमोर 'हो', 'नाही' किंवा 'अमुक तारखेनंतर' लिहून सही करायची, 'नाही'चं कारण एका ओळीत. समित्या बंद पडतात त्या नकाराने नव्हे, 'बघू'ने. दोनदा 'बघू' ऐकलं की तिसऱ्या बैठकीला मुलं येत नाहीत.

पहिला विषय मुद्दाम लहान निवडला: पाण्याच्या टाकीवरची ढकलाढकली. मुलांची मागणी होती नवी टाकी. आधी मोजा, असं सांगितलं. सहा नळांपैकी चार चालू, पाणी प्यायला येणारी मुलं 240, एकाला साधारण 20 सेकंद. म्हणजे सगळ्यांना 20 मिनिटं हवीत आणि छोटी सुट्टी 10 मिनिटांची! दोन नळ दुरुस्त केले तरी 13 मिनिटांच्या वर जात होतं. मग पाचवी-सहावीची सुट्टी आधी सोडली. एका पाळीत 120 मुलं, सहा नळ, सात मिनिटांच्या आत काम. नव्या टाकीची गरजच उरली नाही. घड्याळ लावून सेकंद मोजणारी मुलगी तीच, आणि मोजायला तिच्यासोबत बसली होती ती फळ्यावर तीन फुल्या पडलेली मैत्रीण.

एक कुंपण मात्र पक्कं हवं. मारहाण, छेडछाड, नकोसा स्पर्श, घरचा त्रास यातलं काहीही समितीत चर्चेला येता कामा नये. तक्रारपेटीची किल्ली मुलांकडे कधीच द्यायची नाही. अशी चिठ्ठी थेट मुख्याध्यापक आणि समुपदेशकांकडे जाते. लैंगिक त्रासाची बाब असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेत मिटवता येत नाही. मुलांना 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक पाठ असावा.

सत्र संपलं तरी फळ्यावर नावं लिहिणं चालूच राहिलं असतं, तर या मुलीला पद सोडायलाच सांगितलं असतं. तेव्हा अर्ज तिनेच लिहावा, दोन ओळींचा, कारणासकट, आणि तो इतिवृत्ताच्या वहीत चिकटवावा. आईने शाळेत जाऊन परस्पर नाव काढून घेतलं तर वर्गाच्या लेखी ती पळून गेलेली ठरते.