नाटक लिहून लिहिणारा बदलतो का? आणि समाज?

‘स्वतः नाटक लिहिल्याने माणूस घडतो, समाज बदलतो असं म्हणतात. तुमचा अनुभव काय?’ असं तुम्ही विचारलंय. समाजाचं नंतर बघू, आधी माझं सांगतो.

पहिली एकांकिका मी रागाच्या भरात लिहिली. मुलीचं शिक्षण थांबवणारा बाप आणि त्याला फैलावर घेणारी मुलगी. मुलीच्या तोंडी एकाहून एक टाळीची वाक्यं! पहिल्याच वाचनाला बापाचं काम करणारा नट म्हणाला, "हा नुसता ‘नाही’ म्हणत सुटलाय. का, ते मला कळल्याशिवाय मी बोलू कसा?"

घरी येऊन बापाच्या बाजूने लिहायला बसलो. आठवडाभर ओळ सुचेना. मग सुचली ती त्याची भीती: पोरगी शिकली तर मला अडाणी समजेल. लिहून झालं आणि चपापलो. धाकटा भाऊ कामात माझ्यापुढे जायला लागल्यापासून मी त्याच्या प्रत्येक बेतात खोट काढत होतो, ते याच भीतीने. मुलीची सात वाक्यं कापली. (एकाची हळहळ अजून आहे.)

आता समाज. १९१० मध्ये लंडनला इंग्रज नाटककार जॉन गॉल्सवर्दीचं ‘जस्टिस’ रंगमंचावर आलं. त्यात एकांत कोठडीतल्या कैद्याचा एक अख्खा प्रवेश आहे, त्यात संवाद एकही नाही. शेवटी तो कोठडीचं दार बडवायला लागतो, बस. चर्चिल तेव्हा गृहमंत्री होते; त्यांच्या कारकिर्दीत एकांतवासाचा काळ कमी झाला आणि त्यात या नाटकाचा वाटा मानला जातो. पण लेखक नुसता लिहून थांबला नव्हता. तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलला होता, सरकारकडे पाठपुरावाही करत होता. हे विसरून ‘नाटकाने कायदा बदलला’ म्हणणं मला पटत नाही.

ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक आउगुस्तो बोआल, त्याने तर प्रेक्षकालाच मंचावर बोलावलं: अन्यायाचा प्रसंग थांबवायचा, पीडिताच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं काही करून बघायचं. तेही लिहिणंच झालं, फक्त उभ्या उभ्या.

तुम्ही लिहायला बसाल तेव्हा ज्याचा सर्वांत जास्त राग येतो, त्याचा प्रवेश आधी लिहा.

आमच्या प्रयोगाला भाऊ आला होता. बापाच्या प्रवेशानंतर त्याने विंगेकडे पाहिलं. मी तिथेच उभा होतो.