धुमसणारी दोन कोलितं

"ताई, एकच विचारते. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं का? आणि माणसाचा आधार घेतला, तर आपला विश्वास कमी पडला असं होतं का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मावशींनी हे विचारलं. त्या मला ताई म्हणतात, मी त्यांना मावशी. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, समुपदेशनात हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. कुणाची नोकरी डळमळीत असते, कुणाचं आजारपण असतं, कुणाच्या घरात भांडण पेटलेलं असतं. मावशींच्या प्रश्नामागे मात्र एक कागद होता, आणि तो कागद माझ्यापर्यंत यायला चार भेटी लागल्या. त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशींचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगी शिकायला दूर. वर्ष सरत नाही तोच दोन्ही दिरांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली, की घरात आमचाही वाटा आहे. मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. तेव्हा यजमानांच्या ओळखीचे एक वजनदार गृहस्थ भेटायला आले. म्हणाले, "मी आहे ना, वहिनी. तुम्ही निवांत राहा." घराची मूळ कागदपत्रं 'जपून ठेवायला' घेऊन गेले. त्यांनी दिरांना एक फोन केला आणि दीर गप्प झाले.

एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल, देवानेच माणूस पाठवला. मावशींनाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली, ती सांगायला हवी. मी त्यांना देवाच्या अभिवचनांबद्दल बोलले, धीराच्या चार गोष्टी सांगितल्या, प्रार्थना केली. त्यांनी मान डोलावली, "देवाच्या इच्छेप्रमाणे होईल" म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्यात आल्याच नाहीत. घाबरलेल्या माणसाला "भिऊ नका" म्हणणं सोपं असतं. त्याची भीती नेमकी केवढी आहे, ती कुठे बसली आहे, हे पाहायला वेळ लागतो. तो वेळ मी दिला नव्हता. मीच फोन करून त्यांना पुन्हा बोलावलं.

त्या वेळी मी फक्त विचारलं, झोप लागते का? नव्हती लागत. पहाटे तीनला छातीत धडधड, फाटकाचा आवाज झाला की हातपाय गार. आधी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. शरीर इतकं थकलेलं असताना मन स्थिर करा म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. मग एक वही दिली. डाव्या पानावर प्रत्यक्षात काय घडलं ते लिहायचं, उजव्या पानावर काय घडेल असं वाटतं ते.

तिसऱ्या भेटीला वही आली. डाव्या पानावर एक नोटीस, दोन फोन आणि एका नातेवाइकाकडे झालेली बोलाचाली. उजवं पान भरून पुढची तीन पानं भरली होती. घरातून सामान बाहेर फेकतील. मुलीचं शिक्षण थांबेल. लोक म्हणतील, नवऱ्याचं घर राखता आलं नाही. मी दोन्ही पानं त्यांच्याकडे वळवली आणि काहीच बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "डावीकडे एवढंच आहे का हो?"

त्या दिवशी मी त्यांना आहाज राजाची गोष्ट सांगितली. भीतीच्या बाबतीत शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, याहून नेमकं पान मला माहीत नाही.

इसवी सनापूर्वी ७३५च्या सुमारास यहूदा राज्याच्या (राजधानी यरुशलेम) आहाजावर शेजारचे दोन राजे चालून आले, अरामाचा रसीन आणि इस्राएलाचा पेकह. त्यांना आहाजाला काढून तिथे आपला माणूस बसवायचा होता. म्हणजे भीती खोटी नव्हती, हे मी मावशींना मुद्दाम सांगितलं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात म्हटलं आहे, की वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं राजाचं आणि लोकांचं काळीज हाललं. यशया आपल्या मुलाला घेऊन राजाला भेटला, तो वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी, परिटाच्या शेताच्या वाटेवर. वेढा पडला तर शहराला पाणी पुरेल का, हे पाहायला राजा तिथे गेला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला या जागेचं फार मोल वाटतं. "पाणी कसलं बघतोस, मंदिरात जाऊन बस," असं संदेष्टा म्हणत नाही. तो म्हणतो सावध राहा, शांत राहा, घाबरू नकोस. आणि त्या दोन राजांना तो नाव देतो: धुमसणारी दोन कोलितं. धूर पुष्कळ, पण जाळ संपत आलेला.

मावशी पहिल्यांदा हसल्या. "दोन दीर."

"मी नाही म्हटलं, तुम्ही म्हटलं."

पण आहाजाने ते ऐकलं नाही. देवाकडे हवी ती खूण माग, असं त्याला सांगितलं गेलं, तेव्हा तो म्हणाला, मी परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही. ऐकायला किती भाविक! खरं तर त्याचा कल आधीच दुसरीकडे झुकला होता. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे, की त्याने अश्शूर या बलाढ्य साम्राज्याच्या राजाकडे, तिग्लथ-पिलेसराकडे, दूत पाठवले आणि कळवलं, मी तुझा दास, तुझा पुत्र आहे, येऊन मला सोडव. सोबत मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनंरुपं पाठवलं. दास आणि पुत्र हे शब्द तोवर यहूदाच्या राजाने कुणापुढे म्हणायचे होते? देवापुढे. भीतीच्या भरात त्याने तेच शब्द उचलून दुसऱ्याच्या पायाशी ठेवले.

आणि अश्शूरचा राजा आला, बरं का. त्याने काम केलं. इसवी सनापूर्वी ७३२मध्ये अरामाची राजधानी दिमिष्क पडली, रसीन मारला गेला. ही बाजू आपण उपदेशात बहुधा वगळतो. पण चुकीचा आधारही पुष्कळदा चालतो, निदान सुरुवातीला, आणि म्हणूनच माणसं त्याला धरून राहतात. त्याची किंमत मागाहून कळते. आहाज त्या राजाला भेटायला दिमिष्कास गेला, तिथली वेदी त्याला दिसली, आणि तिचा नमुना त्याने उरीया याजकाकडे धाडला, अशीच वेदी बांध म्हणून. यरुशलेमातली जुनी वेदी बाजूला सरकवली गेली. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात या सगळ्याचा हिशोब एका वाक्यात येतो: तिग्लथ-पिलेसर आला खरा, पण त्याने बळ देण्याऐवजी त्रासच दिला.

मावशी खाली बघत होत्या. त्या भेटीत त्या आणखी काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

चौथ्या भेटीत त्यांनी पिशवीतून कागद काढला. गृहस्थांचं आणखी एका कुटुंबाशी भांडण चाललं होतं. अमुक दिवशी अमुक ठिकाणी त्या लोकांनी धमकी दिली, ती मी समक्ष ऐकली, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. खाली साक्षीदार म्हणून मावशींचं नाव, सहीची जागा रिकामी.

"मी तिथं नव्हतेच, ताई."

त्याआधी त्या गृहस्थांनी खोलीची किल्ली मागितली होती, सामान ठेवायला. मग घरात बैठका सुरू झाल्या. मावशी प्रत्येक वेळी हो म्हणत गेल्या, कारण नाही म्हटलं आणि त्यांनी हात काढून घेतला तर दीर पुन्हा उठतील. दिरांची भीती होतीच, आता तिच्या डोक्यावर दुसरी बसली होती, आधार देणाऱ्याचीच. सात महिन्यांत मावशींनी मंडळीत साक्ष देणं, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, बंद केलं होतं. का, ते त्यांना स्वतःला सांगता येत नव्हतं. त्या दिवशी सांगता आलं.

मग त्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे आम्ही वळलो. हात बांधून बसायचं का? नाही. आहाजाचा मुलगा हिज्कीया बघा. अश्शूरचा राजा सन्हेरीब इसवी सनापूर्वी ७०१मध्ये चालून आला, तेव्हा हिज्कीयाने तट दुरुस्त केले होते आणि शत्रूला पाणी मिळू नये म्हणून झरे बुजवले होते. शहरात पाणी आणणारा त्याचा बोगदा, खडकातून खोदलेला, साधारण ५३३ मीटर लांब, आजही यरुशलेमात आहे. लोक त्यातून चालत जातात. एवढी मेहनत करणाऱ्या माणसाच्या भरवशाची शास्त्र वाखाणणी करतं. आणि तोही डगमगला होता, हेही मावशींना सांगायला मी विसरले नाही. सन्हेरीबाला परत पाठवण्यासाठी त्याने ३०० किक्कार (हे त्या काळचं मोठं वजन) चांदी आणि ३० किक्कार सोनं दिलं, मंदिराच्या दारांवरचा पत्रासुद्धा काढून दिला. सन्हेरीबाचं सैन्य तरीही दाराशी आलंच. विश्वासू माणूसही घाबरून पैसे मोजतो. तिथून परत वळता येतं.

मग वकील कोण आणि अश्शूर कोण, हे ओळखायचं कसं? मी मावशींना विचारलं, या गृहस्थांना तुम्ही नाही म्हणू शकता का? वकिलाला आपण नाही म्हणू शकतो, डॉक्टर बदलू शकतो, भाऊ चिडला तरी भाऊच राहतो. ज्याला नाही म्हणायची सोय उरत नाही, तो मदतनीस राहिलेला नसतो, तो धनी झालेला असतो. आणि जे तो मागतो आहे, ते द्यायचा आपल्याला हक्क तरी आहे का? मंदिरातलं सोनं आहाजाचं नव्हतं. खरं बोलणं हेही मावशींच्या मालकीचं नव्हतं, की ते कुणाला देऊन टाकावं. मला विचाराल तर खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा घाबरलेल्या माणसांच्याच रक्षणासाठी आहे.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कुणाची परिस्थिती वेगळी असू शकते. घरात मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर पोलिसांकडे जाणं, घर सोडून सुरक्षित जागी जाणं यात अविश्वास नाही. "देवावर सोड आणि सहन कर" असं जर कुणी सांगत असेल, तर तो देवाचं नाव घेऊन तुम्हाला एकटं पाडतो आहे. त्याचं ऐकू नका.

मावशींनी सही केली नाही. पण तेवढ्याने भागणार नव्हतं, मूळ कागदपत्रं त्या गृहस्थांकडेच होती. ती मागायला जायचं धाडस गोळा व्हायला तीन आठवडे गेले. त्या काळात आम्ही मोठाल्या प्रार्थना केल्या नाहीत. मावशींना रोज एकच करायला सांगितलं होतं, ज्याची भीती वाटते त्याचं नाव घेऊन देवाशी बोलायचं. आधी दिरांची नावं, मग त्या गृहस्थांचं. "त्यांचं नाव देवासमोर घेताना जीभ अडते," त्या म्हणाल्या. अडू दे म्हटलं, थांबा, पुन्हा घ्या. मंडळीतल्या एका ओळखीने एक वकील मिळाल्या, त्यांची फी मावशींनी स्वतः ठरवून दिली. शेवटी मुलगी सुट्टीत आली, तेव्हा दोघी मिळून गेल्या. गृहस्थ खूप बोलले. कृतघ्न म्हणाले. किल्ली परत दिली, कागदपत्रं पाच दिवसांनी माणसाच्या हाती पाठवली. त्या पाच दिवसांत मावशींनी मला किती फोन केले ते मी मोजले नाहीत.

आणि दीर पुन्हा उठले. भीती होती तसंच झालं, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरी नोटीस आली त्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

"ताई, तुम्ही ते सांगितलं होतं ना, हिज्कीयाने सन्हेरीबाचं धमकीचं पत्र नेऊन परमेश्वरापुढे पसरलं? मी तसंच केलं. पाकीट उघडलं, पलंगावर पसरलं आणि सगळं मोठ्याने वाचलं, तारखेसकट. आवाज नुसता कापत होता. मग घडी घालून पिशवीत टाकलं आणि अकरा वाजता वकीलबाईंकडे गेले."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, उत्तर द्यायला पंधरा दिवसांची मुदत आहे. ताई, पंधरा दिवस! पहिल्या नोटिशीतही तेवढेच होते म्हणे. ती मी शेवटपर्यंत वाचलीच नव्हती."